बावीस फुटांचं बिल, पाच फुटांचा पाइप

मुंबईत घर गरम करायला कुणाला शेगडी लागत नाही. इथला थंडीचा नीचांक ७.४ अंश, आणि तोही २२ जानेवारी १९६२ चा. तरीसुद्धा लाकडावर चालणाऱ्या, काचेच्या दाराच्या देखण्या शेगड्या मुंबईत विकल्या जातात, कारण पाचगणी, महाबळेश्वर, लोणावळा, इगतपुरीला घरं असणारी माणसं मुंबईत राहतात. पैसे इथे, थंडी तिकडे, आणि माल बसवताना उभं राहून बघायला बहुतेक वेळा कुणीच नाही. आमच्या घरात २,५१,६०० रुपयांचं काम याच फटीतून निसटलं. हे लिहिण्याचं कारण पैसे नाहीत. त्या कामामुळे माझे सासरे, नाना, झोपेत गुदमरले असते.

नानांचं पाचगणीचं घर जुनं, जांभ्या दगडाचं. दिवाणखान्यात साहेबी पद्धतीची उघडी फायरप्लेस आणि वर दगडी धुराडं. तिच्यात लाकडं पेटवली की बघायला छान वाटतं, पण उष्णतेचा दहा-वीस टक्के भाग खोलीत येतो आणि बाकी सगळा आकाशात जातो. वर जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेतो. म्हणून अशा जुन्या कोनाड्यात मावणारी बंद दाराची शेगडी, म्हणजे इन्सर्ट, बसवतात. हवा मोजून आत सोडता येते आणि तेच लाकूड सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत ऊब देतं. कल्पना शंभर टक्के बरोबर आहे, आणि ठग नेहमी बरोबर कल्पनेच्या शेजारीच दुकान टाकतो.

शोरूम लोअर परळला. व्यवहार माझ्या दिराने केला. एसी इतका गार की गिऱ्हाईकाने आपोआप शेगडीकडे सरकावं. आत पिवळ्याधमक ज्वाळा. मालक बोलायला गोड, पहिल्या पाच मिनिटांत ‘आपण मराठी माणसं’ आलं, आजोळ वाईचं निघालं, चहा आला. त्या ज्वाळा लाकडाच्या नव्हत्या, बायोइथेनॉलच्या, म्हणजे धूर न करता जळणाऱ्या स्पिरिटच्या होत्या. लाकडाची शेगडी धुराड्याशिवाय पेटत नाही, आणि दहा मजली इमारतीच्या तळमजल्यावरच्या दुकानाला धुराडं कुठून असणार? दुकानात शेगडी जळताना दिसली, तर आधी मान वर करून धूर कुठून बाहेर जातोय ते बघा. कुठूनच जात नसेल तर तुम्हाला दाखवतायत ती वस्तू वेगळी आणि विकतायत ती वेगळी.

मालकाचा दावा असा: चौदा किलोवॅट ताकद, रात्री एकदा लाकूड भरा, सकाळपर्यंत बघायला नको. हा दावा कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटांत पाडता येतो. नीट वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण चार युनिट ऊर्जा असते. चांगल्या शेगडीतून त्यातली तीन युनिट खोलीत येतात. चौदा किलोवॅट हवे असतील तर ताशी पावणेपाच किलो लाकूड, म्हणजे आठ तासांना सदतीस-अडतीस किलो. त्या इन्सर्टच्या पोटात एका वेळी पाच किलोही मावत नाही. चौदा किलोवॅट मिळेल किंवा रात्रभर धुमसेल, दोन्ही एकदम नाही. आणि हवा बंद करून रात्रभर धुमसत ठेवणं हाच या शेगडीचा सगळ्यात वाईट वापर आहे. अर्धवट जळलेल्या लाकडाचा धूर धुराड्यात डांबरासारखा चिकटतो, पुढे तोच पेट घेतो, आणि विषारी वायू वाढतो तो वेगळाच. मुळात चौदाची गरजही नव्हती. विलायतेत ढोबळ हिशेब करतात तो दर १४ घनमीटर खोलीला एक किलोवॅट असा, आणि तिथली थंडी पाचगणीपेक्षा कडक. नानांचा दिवाणखाना ६५ घनमीटरच्या आसपास. पाच किलोवॅट पुष्कळ झाले. पण मोठा आकडा म्हणजे मोठं बिल.

बिलात तीन ओळी होत्या. ‘युरोपियन कास्ट आयर्न इन्सर्ट’ १,६५,०००. ‘३१६ ग्रेड स्टेनलेस लायनर, २२ फूट’ २,८०० रुपये फुटाने ६१,६००. बसवणावळ २५,०००. सत्तर टक्के आगाऊ.

पहिल्या ओळीतली लबाडी त्यातल्या त्यात सौम्य. बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं, होतं ते फक्त दार. बाकी सगळा पोलादी पत्रा. पत्र्याच्या शेगड्या वाईट नसतात, उलट लवकर तापतात, पण बिडाचा भाव लावून पत्रा विकणं ही चोरीच. मागच्या पट्टीवर ‘ईएन १३२४०’ असा युरोपियन मानकाचा क्रमांक छापलेला होता. हे मानक मोकळ्या उभ्या राहणाऱ्या शेगडीचं. कोनाड्यात बसवायच्या इन्सर्टचं १३२२९. (आता या दोन्हींच्या जागी १६५१० ची मालिका आली आहे.) खऱ्या पट्टीवर उत्पादकाचं नाव, मॉडेल, किती किलोवॅट, जळाऊ वस्तूंपासून किती अंतर ठेवायचं, हे सगळं असतं. आमच्या पट्टीवर एक क्रमांक आणि एक झेंडा.

खरी मेख दुसऱ्या ओळीत होती.

जुनं दगडी धुराडं रुंद असतं. ते उघड्या जाळासाठी बांधलेलं. इन्सर्टमधून निघणारा धूर थोडा आणि त्या मानाने थंड. एवढ्या मोठ्या पोकळीत शिरला की आणखी गार पडतो, वर चढत नाही, परत खोलीत उतरतो. म्हणून शेगडीच्या तोंडापासून थेट धुराड्याच्या टोकापर्यंत स्टीलचा सलग पाइप, म्हणजे लायनर, सोडावा लागतो. लायनर नसेल तर इन्सर्ट बसवूच नये. हे काम महाग, कष्टाचं, आणि एकदा झालं की कुणालाही न दिसणारं. पैसे खायला याहून सोयीची जागा घरात दुसरी नाही.

मुंबईहून आलेल्या पोरांनी काम आटोपलं आणि फोटो पाठवले. खाली शेगडीच्या डोक्यावर पाइप बसलेला दिसतोय, वर कौलांच्या वर चकचकीत पाइप आणि त्यावर टोपी दिसतेय. बाकीची रक्कम तासाभरात मागून घेतली.

मग नानांचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्यावर जड डोकं, मळमळ, उन्हात जाऊन बसलं की बरं. आईंनी पित्तावर ढकललं, आमसुलाचं सार दिलं. धुराचा वास फारसा नव्हता, आणि हेच भीतीदायक आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. उत्तरेत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं सकाळी मेलेली सापडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, ते याच वायूमुळे. घरात जळण असेल तर या वायूचा वेगळा अलार्म लावा. काही हजारांत मिळतो. धुराचा अलार्म त्याच्या जागी चालत नाही. आमच्या दुकानदाराने अलार्म सुचवला नव्हता. का ते आता कळतं: तो पहिल्याच रात्री वाजला असता.

कौलं शाकारायला वाईहून एक गवंडी येतात. नानांपेक्षा थोडेच लहान. त्यांनी वरची टोपी हलवून बघितली आणि पाइपचा तुकडा गाजर उपटावं तसा हातात आला. दोन फुटांचा. दिराने मोबाइलचा दिवा लावला, व्हिडिओ चालू करून फोन सुतळीला बांधला आणि धुराड्यात सोडला. वर ओढून बघितलं तर दगड, काजळी, एक वाळलेलं घरटं, आणि पार तळाशी शेगडीवर उभा केलेला तीन फुटांचा नळ. ‘‘ताई, मधी पाइपच न्हाई,’’ गवंडी म्हणाले. ‘‘दोन्ही टोकाला दावायपुरता घातलाय.’’

खालचे तीन फूट तर स्टेनलेसही नव्हते. एसीच्या डक्टला वापरतात तो जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. साधारण दोनशे अंशांच्या वर सतत तापला की मुलामा सुटायला लागतो, आणि शेगडीच्या तोंडाशी त्याहून अधिक तापमान सहज असतं. आमच्या तुकड्याची साल निघायला लागलीच होती. पुष्कळ लोक स्टील ओळखायला चुंबक लावतात. ३१६ ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण २०० मालिकेतल्या स्वस्त स्टीललाही चिकटत नाही. चुंबक चिकटला तर माल खोटा. नाही चिकटला म्हणून खरा असं नव्हे. गिरणीचा दाखला मागा, म्हणजे ज्या कारखान्यात पत्रा तयार झाला त्याचा ग्रेड लिहिलेला कागद. त्याहून सोपं म्हणजे पाइप टेम्पोत चढण्याआधी टेप लावून मोजणं. मीटर-मीटरच्या नळ्या असतील तर बावीस फुटांना सात लागतात. टेम्पोतून सात उतरल्या का, एवढं शेजाऱ्यालाही मोजता येतं. आणि काम झाल्यावर फोटो नकोच, वरून खालपर्यंतचा व्हिडिओ हवा. शेवटचा हप्ता तो बघितल्यावर.

लाकडाचंही सांगते, कारण तेही त्याच दुकानातून आलं. ‘भट्टीत वाळवलेलं ओक’, पोत्यात, किलोवर. गवंड्यांनी एक ओंडका उचलून सांगितलं की ही बाभूळ, आणि ओली. किलोवर ओलं लाकूड घेणं म्हणजे पाण्याला लाकडाचा भाव देणं. शंभर किलोत चाळीस टक्के पाणी असेल तर सुकं लाकूड साठ किलो. नीट वाळलेल्या, वीस टक्के ओलाव्याच्या मालात तेवढंच सुकं लाकूड पंचाहत्तर किलोत मिळतं. पंचवीस किलो पाणी तुम्ही विकत घेतलंत, आणि ते उकळून घालवायला उरलेलं लाकूड जाळलंत. दुकानदार ओलावा मोजायचं यंत्र ओंडक्याच्या टोकाला टेकवून दाखवतो. टोक आधी सुकतं. ओंडका तिथेच फोडायला लावा आणि आतल्या ताज्या अंगाला यंत्र टेकवा. तो कुरकुरला तर पोतं घेऊ नका.

बिल माझ्या हातात आलं ते हे सगळं झाल्यावर. माझं काम हिशेबाचं, त्यामुळे मी आधी जीएसटीचा क्रमांक बघितला. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. यावर होते २४, म्हणजे गुजरात. दुकान लोअर परळला. पुढची दहा अक्षरं पॅन क्रमांक, आणि पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं की पॅन कुणाचा: कंपनीला सी, भागीदारीला एफ, एकट्या माणसाला पी. बिलाच्या माथ्यावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि क्रमांकात पी. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला तर नोंदणी रद्द झालेली, आणि धंदा कापडाचा. हे बघायला पैसे पडत नाहीत, पासवर्ड लागत नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी कोटेशनवरच हा क्रमांक लिहून मागा.

मालकाला फोन केला तेव्हा तो जराही गडबडला नाही. ‘‘वहिनी, पोरांनी घोळ घातला असेल. उद्याच पाठवतो, सगळं काढून नवीन बसवून देतील, एक पैसा नको.’’ माझा दीर खूश झाला. मी नाही म्हटलं. ते दोन तुकडे आणि जागेवरची शेगडी हाच आमचा पुरावा आहे. पोरं येऊन सामान घेऊन गेली की आमच्याकडे उरणार तो नुसता आरोप.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाचगणीला किंवा विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पार्ल्याला राहणाऱ्या आमच्यासाठी तो मुंबई उपनगरचा, वांद्र्याचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली. तिथला नोंदणी क्रमांक तक्रारीला जोडला. सुतळीवरचा व्हिडिओ, टेप लावून काढलेले तुकड्यांचे फोटो, आणि गवंड्यांचं सही केलेलं निवेदनही जोडलं. ते लिहून देताना त्यांनी एकच अट घातली, की त्यात ‘कारागीर’ म्हणून त्यांचं नाव असावं, ‘मजूर’ म्हणून नाही.

नोटीस गेल्यावर मालकाकडून निरोप आला की पाइपचे ६१,६०० परत देतो, तक्रार मागे घ्या आणि ओळखीच्यांना पाठवलेले फोटो पुसायला सांगा. आम्ही लेखी उत्तर दिलं की पूर्ण रक्कम आणि नानांच्या तपासणीचा खर्च मिळेपर्यंत दोन्ही नाही. नानांच्या खोलीत सध्या तेलाचा विजेवरचा हीटर आहे, तासाला दोन युनिट खातो. दिवाणखान्यातल्या शेगडीचं दार साखळी-कुलूप घालून बंद केलंय आणि किल्ली पार्ल्याला माझ्याकडे आहे. परवा दुकानातून दोन पोरं ‘सर्व्हिसिंग’ म्हणून पाचगणीला येऊन गेली. आईंनी त्यांना व्हरांड्यात चहा दिला आणि आत घेतलं नाही.