पोर्तुगालला शिफ्ट होताय? घर न बघता डिपॉझिट पाठवायच्या आधी हे वाचा

ज्यांचं पोर्तुगालला जायचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. आम्हा दोघांचे १९५० युरो गेले, परत यायची आशा जवळपास नाहीच.

डी८ व्हिसा, रिमोट काम करणाऱ्यांचा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला. फाईलमध्ये राहायच्या जागेचा पुरावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी वर्षभराचा भाडेकरार असला तरच गाडी पुढे सरकते. म्हणजे जायच्या आधी घर पाहिजे, आणि घर बघायला जाता येत नाही. चोर बरोब्बर या फटीत बसलेत.

लिस्बनची भाडी आवाक्याबाहेर, म्हणून नदीपलीकडे सेतूबालला बघत होतो. ६५० युरोत टी१, म्हणजे आपला वन बीएचके, ऊन येणारी गॅलरी वगैरे. मालकीणबाई म्हणे कामासाठी लंडनला असतात, बोलायला एकदम गोड, व्हिसाला काय काय लागतं ते आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ. करार दोन भाषांत, त्यात त्यांचा निफ, म्हणजे तिथला टॅक्स नंबर, घराच्या टॅक्सच्या कागदाचा फोटो, वर स्वतःचा पासपोर्ट पण पाठवला. दोन महिने डिपॉझिट आणि एक महिना भाडं मागितलं, तिथल्या कायद्यात दोन महिन्यांपर्यंत डिपॉझिट चालतं त्यामुळे आकडासुद्धा रीतसर.

पैसे पोचले आणि तीन दिवसांत मेसेज, करार टॅक्स ऑफिसात रजिस्टर करायला स्टॅम्प ड्युटी ४८० युरो पाठवा. इथे नवरा थबकला. ती ड्युटी एका महिन्याच्या भाड्याच्या १० टक्के असते, म्हणजे ६५ युरो, आणि ती भरायची असते घरमालकाने! विचारलं तर आधी चिडचिड, मग रडारड, मग ब्लॉक.

बँकेने रिकॉल, म्हणजे पैसे परत मागवायची विनंती, टाकला पण खातं तोवर रिकामं. खातं होतं लिथुआनियाचं, आयबॅन, म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर, एलटीने सुरू होणारा. पोर्तुगीज खात्याचा पीटी५० ने सुरू होतो. नुसतं परदेशी खातं म्हणजे लगेच फ्रॉड असं नाही, पण घर पोर्तुगालचं, बाई लंडनला आणि खातं तिसरीकडेच असेल तर पैसे पाठवूच नका.

कागदांच्या फोटोला काडीची किंमत नाही, कोणीही बनवतं. घराच्या मालकीचा ऑनलाइन दाखला असतो, सर्तिदांव पेर्मानेंत, त्याचा कोड मागायचा आणि सरकारी साइटवर स्वतः टाकून बघायचा, मालकाचं नाव तिथे दिसतं. नंतर ज्यांचं घर घेतलं त्या आजोबांनी कोड मागितल्यावर जरा कुरकुर केली, पण दुसऱ्या दिवशी दिला. शिवाय तिथे राहणारं ओळखीचं कोणी असेल तर त्याला घरात पाठवून व्हिडिओ कॉल लावा. दारापर्यंत जाऊन आला म्हणजे झालं असं समजू नका, आतून पाहिजे.

आणखी एक. त्या बाईने पाठवलेला पासपोर्ट बहुतेक आमच्यासारख्याच कुणा फसलेल्या बाईचा असणार. आता आमच्या दोघांच्या कॉप्या पण त्या टोळीकडे आहेत, उद्या कुणाला माझाच पासपोर्ट घरमालकीण म्हणून जाईल. तेव्हा कॉपी द्यावीच लागली तर फोटोवरून आडवं ठळक लिहा, कुणाला, कशासाठी आणि कुठल्या तारखेला दिली.