यू-लॉकचा आठ महिन्यांचा अनुभव (आधीची सायकल गेल्यानंतर घेतलेला)

आधीची सायकल केबल लॉक लावलेलं असूनही चोरीला गेली. परत आलो तर खांबाला नुसती कापलेली केबल लटकत होती. बोटाएवढी जाड दिसायची म्हणून विश्वास होता, पण त्यातलं बरंचसं प्लास्टिक असतं आणि आतल्या बारीक तारा साध्या हातातल्या कटरने तुटतात हे तेव्हा कळलं. खूप वाईट वाटलं होतं.

मग यू-लॉक घेतलं, म्हणजे इंग्रजी U सारखा वाकवलेला दांडा असलेलं कुलूप, १४ मिमी जाड दांडा, वजन जवळपास दीड किलो. वजन जाणवतं, खोटं कशाला बोलू. लॉक अडकवायचं फ्रेमवरचं ब्रॅकेट मात्र एकदम बेकार, रस्ता जरा खराब आला की खडखड सुरू, शेवटी जुन्या ट्यूबचा तुकडा कापून खाली गुंडाळला तेव्हा थांबलं.

साइज मुद्दाम छोटा घेतला. मोठ्या लॉकमध्ये रिकामी जागा राहते आणि तिथेच पहार नाहीतर जॅक घालून लॉक फाकवतात. तोटा एवढाच की जाड खांबाला बसत नाही, मग जागा शोधत फिरावं लागतं. सुरुवातीला मी फक्त फ्रेम अडकवायचो, आता मागचं चाक, सीटखालची नळी आणि खांब असं तिन्ही एकात घेतो, म्हणजे आत बोट जाईल एवढीच जागा उरते. खांब पण हलवून बघतो, आणि वरून सायकल उचलून काढता येईल असा बुटका खांब असेल तर तिथे लावतच नाही. पुढच्या चाकाला क्विक रिलीज होतं (हाताने खटका उघडला की चाक निघतं), ते काढून अ‍ॅलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने उघडणारा स्क्यूअर (चाकाच्या मधून जाणारी दांडी) टाकला, आणि वरून एक जुनी केबल, ती फक्त चाकापुरती.

सहाव्या महिन्यात एकदा दांड्यावर दोन दाबल्याच्या खुणा दिसल्या, रंग उडून लोखंड दिसत होतं. कुणीतरी मोठा कटर लावून बघितला असणार. सायकल जागेवर होती! त्या दिवशी दीड किलोची सगळी कुरकुर संपली माझी.

बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे (चकतीने धातू कापायचं यंत्र) साधं स्टीलचं लॉक फार वेळ टिकत नाही, हे घेताना माहीत असू द्या. म्हणून दांडा दोन्ही टोकांना लॉक होतो का ते बघाच, एकाच टोकाला होत असेल तर एक काप मारून दांडा फिरवून काढता येतो, दोन्हीकडे असेल तर दोनदा कापावं लागतं, तेवढा वेळ आणि आवाज जास्त. रात्रभर बाहेर ठेवायची असेल तर मी यावरही भरवसा ठेवणार नाही.

पावसात किल्ली अडकायला लागली होती, वंगणाचे दोन थेंब टाकले, आता किल्लीचं तोंड खाली ठेवतो, तेव्हापासून त्रास नाही. किल्लीवरचा नंबर घेतल्या घेतल्या लिहून ठेवा, किल्ली हरवली तर त्यावरूनच नवीन मिळते.

आणि फ्रेम नंबर. बहुतेक सायकलींना पॅडलच्या मधल्या भागाखाली कोरलेला असतो. पहिली गेली तेव्हा तक्रार लिहिताना मला नंबर विचारला आणि माझ्याकडे तो नव्हता, रंग आणि स्टिकर सांगत बसलो. रंग तर कुणीही बदलेल. या सायकलचा नंबर फोटोसकट मोबाइलमध्ये आहे, आणि एक कागदावर लिहून घरी कपाटात.