गरम मटण-चीज सँडविचसाठी बिडाचा सपाट तवा

सँडविच टोस्टरमध्ये पाव खरपूस होतो, पण आतले मांस केवळ वाफेवर गरम होते. म्हणून अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या पद्धतीचे गरम स्टेक-चीज सँडविच घरी करायचे असेल, तर सर्वांत आधी तव्याचा विचार करावा लागतो. १९३० च्या सुमारास तेथे हॉट डॉग विकणाऱ्या पॅट ऑलिव्हिएरी यांच्या गाडीवर हा पदार्थ जन्मला असे मानतात, आणि आजही गोमांसाचे अतिशय पातळ काप तापलेल्या सपाट पत्र्यावर परतूनच तो केला जातो. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैलाचे मांसही कायद्याने बंद असल्याने आमच्याकडे त्याची जागा बोकडाच्या मटणाने घेतली आहे. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला दहा इंची, दोन कानांचा बिडाचा तवा या कामी फारच उपयोगी ठरला.

थंड मांस पडताच पातळ तवा निवतो, मटणाला पाणी सुटते आणि काप त्या पाण्यातच शिजत राहतात. बीड जाड व जड असल्यामुळे त्यात साठलेली उष्णता टिकून राहते, सुटलेले पाणी झटपट आटते आणि कापांच्या कडा तपकिरी होतात. हा रंग आणि त्याबरोबरचा भाजका स्वाद साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढेच येतो, तर पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. त्यामुळे या तव्यावरही एका वेळी थोडेच काप टाकावेत. नॉनस्टिक तवा इतका कडक तापवू नये, कारण त्यावरचा थर सुमारे २६० अंशांपुढे खराब होऊ लागतो. बिडात उष्णता सावकाश पसरते, म्हणून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटे धीर धरावा; लहान बर्नरवर कडा थंडच राहतात.

तवा कितीही चांगला असला तरी मटण जाड कापले तर ते चिवटच लागते. खाटकाकडून रानेचे (मांडीचे) बिनहाडाचे मटण घेऊन ते फ्रीझरमध्ये अर्धवट गोठवावे आणि रेषांना आडवे, शक्य तितके पातळ कापावे. नागपुरात मटण म्हटले की हात सावजी मसाल्याकडे जातो, परंतु कडक तव्यावर तो जळून कडवट होतो. मीठ, मिरपूड आणि वेगळा परतलेला कांदा पुरेसा आहे. काप झाले की त्यांची पावाच्या लांबीची रास करून वर प्रोसेस्ड चीजचे दोन स्लाइस ठेवावेत, बाजूला पाण्याचा शिपका मारून क्षणभर झाकावे. अशा चीजमध्ये पायसीकारक (चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे) क्षार असल्याने ते तूप न सुटता एकसारखे वितळते, आणि गरम राशीवर पाव उपडा ठेवून सगळे एकदम उचलता येते.

तक्रारी दोन आहेत. तेलाचा थर आधीच चढवलेला आहे असे वेष्टनावर छापलेले असूनही सुरुवातीला चीज चिकटले; जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवून तवा अनेकदा तापवल्यावरच ते नीट सुटू लागले. दुसरी तक्रार कानांची: ते आखूड आहेत आणि तव्याइतकेच तापतात, त्यामुळे जाड फडके हाताशी लागतेच, आणि मनगट दुखणाऱ्यांना हे वजन उचलणे अवघड जाईल. पावसाळ्यात धुतल्यावर तवा गॅसवर कोरडा करून तेल पुसून ठेवावा, नाहीतर एका रात्रीत गंज धरतो.