‘४०+’ : नव्या हॉटेलातल्या पार्टीत ८,९५४ रुपये कसे गेले

आधी आकडे. ठरलेलं असं : ४० माणसं, ताट ५५० रुपये, पाणी, टॅक्स सगळं त्यातच. म्हणजे २२,०००. त्यातले ८,००० आगाऊ दिलेले, उरले १४,०००. हातात आलेलं बिल, आगाऊ वजा करूनही, २२,९५४ चं. डोहाळजेवण आटोपलंय, पाहुणे चपला शोधतायत, विहीणबाई निरोप घेतायत, आणि बिल नेमकं तेव्हा पुढे केलं जातं. अशा वेळी कुणी काउंटरवर आवाज चढवत नाही हे हॉटेलवाल्यांना पक्कं ठाऊक असतं.

नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात टाकलंय. पुण्याच्या उपनगरातलं नवं फॅमिली रेस्टॉरंट, खाली टेबलं, वर पन्नास माणसांचा एसी हॉल. जेवण खरोखर चांगलं होतं, मालक स्वतः टेबलाशी येऊन ‘अजून काय देऊ’ विचारायचा. म्हणून तर पार्टी तिथे दिली. कुठल्याही टपरीवर विश्वास ठेवून कुणी ८,००० देत नाही.

आता बिल. ताटं ४६, म्हणजे २५,३००. आलेली माणसं लहान मुलं धरून ३८. मग ४६ कुठून? उष्टी ताटं मोजून. पोरांनी बदललेलं ताट, बासुंदीसाठी कुणी घेतलेलं दुसरं, त्यांच्याच वाढप्यांनी मागे बसून खाल्लेली, सगळी आपल्या नावावर. उष्टी ताटं कधीच मोजू द्यायची नाहीत. पंगत सुरू होण्याआधी कोऱ्या ताटांची चळत दोघांनी मिळून मोजायची, कागदावर आकडा टाकून मॅनेजरची सही घ्यायची, शेवटी उरलेली मोजून वजा करायची. गोडाच्या वाट्या आणि वाढप्यांची ताटं वेगळी ठेवायला लावायची. घरातला एक जण फक्त या कामाला हवा. जावई नको, त्याला संकोच होतो.

पुढे पाणी : ५० बाटल्या, ३० प्रमाणे १,५००. कुणी मागितल्या नव्हत्या, टेबलांवर आधीच मांडून ठेवल्या होत्या. छापील किंमत २० असताना ३० का, म्हणून वजनमापवाल्यांकडे जाऊ नका. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीचं बंधन नाही, असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्येच सांगून टाकलंय. भांडायचं तर ‘पाणी धरून ठरलं होतं’ यावर, आणि ते कागदावर असेल तरच.

मग ‘स्टाफ वेलफेअर १०%’, २,६८० रुपये. हा सर्व्हिस चार्जच, फक्त टोपी बदललेली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की हा आकार आपोआप बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावानंही नाही, आणि त्यावर जीएसटी तर नाहीच. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला तत्त्वं कायम ठेवून त्यांनाच दंड ठोठावला. हे काउंटरवर सांगितलं तर उत्तर काय? ‘आमच्या सिस्टिममध्ये तसंच येतं.’

आणि शेवटी या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी, १,४७४. बिलावर जीएसटी नंबर नव्हता. हट्टानं मागितला. २७ नं सुरू होणारा पंधरा अक्षरांचा नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाकला, लॉगिन लागत नाही. निघालं काय, तर कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सोपी करयोजना! कंपोझिशनमधल्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून एक पैसा जीएसटी घेता येत नाही. तो त्यानं स्वतःच्या उलाढालीतून भरायचा, बिलाऐवजी ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यायचं आणि त्यावर तसं छापायचं. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. आगाऊ देण्याआधी तपासा, जेवून झाल्यावर नव्हे.

सगळं मुळात फसलं ते आगाऊच्या चिठ्ठीवर. केओटीच्या, म्हणजे किचनला ऑर्डर लिहून देतात त्या पॅडमधला फाडलेला कागद, त्यावर पेनानं : ‘४०+, ५५०+, अॅड. ८०००’. या दोन अधिकच्या खुणा! तोंडी चाललं होतं ‘सगळं धरून, काळजीच करू नका’, आणि हात लिहीत होता अधिक. पहिल्यात सहा ताटं, दुसऱ्यात पाणी, वेलफेअर, टॅक्स. क्यूआर स्कॅन केल्यावर हॉटेलचं नव्हे, कुणा माणसाचं नाव आलं होतं, तेही ‘साहेबांचा भाऊ’ म्हणून खपवलं. ‘शिकलेली माणसं तुम्ही, वाचायचं होतं’ असं ज्ञान आता प्रत्येक जण देतो. मालक समोर उभा राहून हसत बोलत असताना त्याच्या हातातली चिठ्ठी भिंगातून कोण बघतं? बघायला लागावी ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण बघा. ‘कमाल ४०’, ‘सर्व करांसह’, ‘पाण्यासह’ हे शब्द त्यांच्याच हातानं लिहून घ्या, शिक्क्यासह, नाहीतर व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘हो’ मागा.

सेवेचं बोलायचं तर वाढपी पाच कबूल, हॉलमध्ये दोन, त्यातला एक नुसता पाणी देणारा. अळूवडी माणशी तीन, म्हणजे १२० नग; अर्ध्या पंगतीत संपली आणि बासुंदी वाढून झाली तरी ‘तळायला घेतलीय’. कारण साधं आहे. पार्टीचे पैसे पक्के असतात, खालच्या टेबलांचे आणि डिलिव्हरीचे प्रत्येक ऑर्डरला मिळतात. किचन एकच असेल तर शनिवारी-रविवारी रात्री वरच्या हॉलची पुरी थांबते. किचन वेगळं आहे का हे विचारा, आणि पदार्थ नगांत लिहून घ्या. ‘अनलिमिटेड’ शब्दाला काही अर्थ नसतो.

आता सरकारी कृपा. चौकीत : ‘हे दिवाणी आहे.’ अन्न व औषध प्रशासन : ‘विषबाधा झाली का?’ नाही झाली, दुर्दैवानं! जीएसटी कार्यालय : टॅक्स चुकवला असेल तर आम्ही बघू, तुमचे पैसे परत देणं आमचं काम नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, नंबर आला, ‘आस्थापनेला कळवले आहे’ आलं, आस्थापनेनं उत्तर दिलं नाही, म्हणून तक्रार बंद! गुन्हेगार गप्प बसला की प्रकरण निकाली, हा न्याय कुठला? सर्व्हिस चार्जची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते असं त्या तत्त्वांतच लिहिलंय. तिथल्या खिडकीला ते माहीत नव्हतं, अर्ज पुरवठा शाखेकडे ढकलला. पाच कार्यालयं, आणि कुणाच्याच टेबलावर ८,९५४ रुपये बसत नाहीत. ठकवणारे हाच आकडा धरून चालतात : राग येईल एवढा मोठा, वकील लावावा एवढा नाही.

वकील लागतही नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी शून्य, मुदत दोन वर्षं, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल असं कायदा म्हणतो; तारखांचं मनावर घेऊ नका. आधी हॉटेलला स्पीड पोस्टानं लेखी मागणी पाठवा, पोच जपून ठेवा. ‘पुढच्या कार्यक्रमाला १,५०० सूट’ असा निरोप येईल, आम्हालाही आला. घेऊ नका.

आणि बिल भरावंच लागलं तर रोख नको. यूपीआय करताना शेरा लिहायच्या जागी ‘हरकत नोंदवून’ टाका, तेच शब्द बिलावर मॅनेजरच्या समोर लिहून फोटो काढा, मूळ बिल सोडू नका. ते ‘ऑफिस कॉपी’ म्हणून परत मागतात.