दाखवलेली शेवंड आणि ताटातली शेवंड

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या चार घरांची दिवाळीत गोव्याची तिकिटं निघाली आहेत, म्हणून लाज गुंडाळून लिहितोय.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी, बायको, मुलगा आणि आई गोव्याला गेलो. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक काढलेले असतात, म्हणून समुद्रासमोरच्या एका पक्क्या हॉटेलात शिरलो. पाटीवर ‘इटालियन सीफूड’. आम्हा बडोदेकरांना पाण्यात दिसतात त्या विश्वामित्रीतल्या मगरी; बर्फावर मांडलेली मासळी बघूनच निम्मी अक्कल गहाण पडली.

वेटरने ट्रेमधून शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, आणून दाखवली. “आज सकाळचीच आहे सर. गार्लिक-बटरमध्ये करून लिंग्विनी पास्त्यावर देतो.” मेनूत किमतीच्या जागी नुसतं ‘बाजारभाव’. विचारलं तर म्हणाला, “साडेचारशे.” मी मान डोलावली. साडेचारशे कशाचे, हे विचारलं नाही. वजनकाटा आत स्वयंपाकघरात होता, तोही पाहिला नाही.

ताट आलं. शेवंड रबरासारखी, वर चीजचा थर. इटलीत मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत, हे मुलाने सांगितलं, पण ते खाऊन झाल्यावर. आईचं माहेर अलिबागचं. ती ताटाकडे बघत म्हणाली, “अरे, मघाच्या शेवंडीची एक मिशी मुळापासून तुटलेली होती. हिला दोन्ही कशा?”

मॅनेजर हसून म्हणाला, “आंटी, शेफ सजावटीला लावतात.”

आईने ती मिशी धरून ओढली. मिशी निघाली नाही, शेवंडीचं अख्खं डोकं वर आलं.

मग बिल. साडेचारशे होते १०० ग्रॅमचे. वजन लावलं ९०० ग्रॅम, म्हणजे नुसत्या शेवंडीचे ४,०५० रुपये. ताटातली पाचशे ग्रॅमचीही नसेल. पास्ता आणि सोडा धरून ५,८००, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, वर ५ टक्के जीएसटी. एकूण ६,६९९.

सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हे जुलै २०२२ मध्येच सांगितलं, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात हे म्हटल्यावर तेवढा निघाला आणि बिल ६,०९० वर आलं. शेवंडीबद्दल एकच उत्तर : “खाल्ली ना सर?”

परतीच्या गाडीत, सुरत आल्यावर, डोक्यात प्रकाश पडला. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. मग ‘आज सकाळची’ आली कुठून? बहुधा फ्रीजरमधून.

दिवाळीत बंदी नसेल, पण बाजारभावाची युक्ती चालूच असेल. भाव किलोचा की १०० ग्रॅमचा, ते ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. रिकामा ट्रे ठेवून काटा शून्यावर आणायला लावा, मग वजन करा, आणि काट्यावरच्या शेवंडीचा मिशांसकट फोटो काढा. आमच्याकडे तो नाही. बिल जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो फोटोचा.