पेटी, डझन आणि पिनकोड: वूकॉमर्सवर हापूसचं दुकान चालवताना

देवगडच्या आसपासचे बागायतदार हल्ली भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात: वूकॉमर्स (स्वतःच्या वेबसाइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) घ्यावं का? दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. आम्ही ते गेल्या दिवाळीत बसवलं, आंब्याचा पूर्ण हंगाम त्यावर काढला आणि आता गणपतीच्या ऑर्डरीही त्यावरच घेतो आहोत.

सॉफ्टवेअर भक्कम आहे. पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या सेवेचा, आकार सोडला तर मधे कुणाला टक्केवारी न देता आपला माल आपल्या नावाने विकता येतो, आणि गिऱ्हाइकांची यादी आपल्याकडेच राहते. पुन्हा निवडायची वेळ आली तर मी हेच निवडेन. मात्र कोकणातल्या मालाला शोभेल अशी तयार थीम, म्हणजे दुकानाच्या पानांचं रूप ठरवणारा तयार संच, मला कुठेही मिळाली नाही. ती नसली की केवढं काम अंगावर येतं, याची कल्पना आधी कुणी देत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः त्याबद्दल.

आमचा माल म्हणजे मार्च-एप्रिल-मे हापूस, थोडा पायरी, आणि बाकी वर्षभर आमसूल, आगळ, काजूगर, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ. 2020 च्या टाळेबंदीत कोकणातल्या पुष्कळ बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या पोचवायला सुरुवात केली. आम्हीही त्यातलेच. सगळं व्हॉट्सअॅपवर चालायचं. ऑर्डरी वाढल्या तसं कुणाचे पैसे आले, कुणाची पेटी कुठल्या टेम्पोत गेली हे वहीत मावेना, तेव्हा दुकान ऑनलाइन न्यायचं ठरलं. वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर, आमची साधी वेबसाइट होतीच. वूकॉमर्स हे त्याच्यावरच चालणारं, 2011 पासूनचं मोफत प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा प्रोग्राम), त्यामुळे तेच घेतलं.

दिसायला बरं असावं म्हणून फळं-भाजीच्या दुकानासाठीची एक तयार थीम विकत घेतली. विकणाऱ्याचं नाव इथे घेत नाही. डेमो देखणा होता: प्रत्येक वस्तूला एक सुंदर फोटो, एक किंमत, एक बटण. आमचा माल त्यात भरायला घेतला आणि पहिल्याच प्रॉडक्टला गाडी अडली.

आंबा कसा विकला जातो ते बघा. काढणी झाली की फळांची वजनावर वर्गवारी होते. फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन बसतात, लहान असेल तर सहा-सात. कुणी अख्खी पेटी घेतं, कुणी डझनाचा खोका. कुणाला आढीतला तयार आंबा आजच खायला हवा असतो, कुणाला चार दिवसांनी पिकेल असा, कुणाला पूर्ण कच्चा, कारण तो पुढे बंगळुरूला पाठवायचा असतो. हे सगळे पर्याय एका पानावर दाखवायचे तर वूकॉमर्सच्या भाषेत ते व्हेरिएबल प्रॉडक्ट होतं. वजनाचे 4 गट, पॅकिंगचे 3 प्रकार आणि पिकण्याच्या 3 अवस्था धरल्या की 36 जोड्या झाल्या. आता 30 च्या वर जोड्या गेल्या की वूकॉमर्स त्या सगळ्या पानाबरोबर पाठवत नाही, गिऱ्हाइकाने पर्याय निवडला की दर वेळी सर्व्हरला विचारतं. रेंज कमी असलेल्या फोनवर किंमत दिसायला वेळ लागतो, आणि माणूस बटण दाबून दाबून थेट फोन करतो, "ताई, भाव दिसत नाही हो." शेवटी प्रत्येक वजनगटाचं वेगळं प्रॉडक्ट केलं, म्हणजे प्रत्येकात 9 जोड्या उरल्या. फोन थांबले.

त्याहून मोठी अडचण साठ्याची. व्हेरिएबल प्रॉडक्टची मूळ कल्पना कपड्यांच्या दुकानाची आहे. मोठ्या मापाचे लाल शर्ट वेगळे, लहान मापाचे निळे वेगळे, प्रत्येकाचा साठा स्वतंत्र. आमचा साठा एकच असतो, आढीत पडलेली फळं. त्यातूनच पेटी भरायची आणि त्यातूनच खोका. साठा मूळ प्रॉडक्टवर एकत्र ठेवायची सोय आहे, पण तिथे पेटी विकली तरी एक वजा होतो आणि खोका विकला तरी एकच. समजा 60 डझन लिहिले आणि पाच डझनांची एक पेटी गेली, तर पडद्यावर 59 उरतात आणि खोलीत 55. अक्षय्य तृतीयेच्या आधी ऑर्डरींची रांग लागते, तेव्हा या फरकाने पैसे घेतलेल्या माणसाला आंबा देता येत नाही अशी पाळी येऊ शकते.

यावर उपाय आहे, आणि तो सॉफ्टवेअरमध्येच दडलेला आहे. ऑर्डरचा साठा वजा होण्याआधी वूकॉमर्स तो आकडा एका फिल्टरमधून, म्हणजे आपला कोड घालून तो बदलायच्या जागेतून, जाऊ देतं. ऑर्डर आयटम क्वांटिटी या नावाने तो सापडतो. तिथे चार ओळी लिहून प्रत्येक पर्यायाचे डझन किती ते सांगितलं की पेटीचे पाच आणि खोक्याचा एक बरोबर वजा होतो. माझ्या भाच्याने ते लिहून दिलं. पण एवढ्याने भागत नाही, कारण हा हिशेब ऑर्डर आल्यावरचा. तीनच डझन उरले असताना पाच डझनांची पेटी कार्टमध्ये घालायला पान मनाई करत नाही, त्यासाठी कार्टमध्ये वस्तू घालतानाची तपासणी वेगळी लिहावी लागली. आंबा, केळी, नारळ, अंडी, असा डझनावर किंवा शेकड्यावर माल विकणारे लाखो लोक या देशात आहेत. त्यांच्यासाठी ही सोय तयार मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. सगळ्यांच्या घरी कोड लिहिणारा भाचा नसतो.

हंगामाचंही तसंच. वर्षाचे नऊ महिने आमचा मुख्य माल नसतो. साठा शून्य झाला की त्या थीममध्ये फोटोवर लाल पट्टी यायची, माल संपल्याची. गिऱ्हाइकाला वाटतं दुकान बंद पडलं. आम्हाला तिथे पुढच्या हंगामाची नोंदणी दाखवायची होती. वूकॉमर्समध्ये तो मजकूर बदलता येतो, त्याचाही फिल्टर आहे, पण या थीमने पट्टी स्वतःच्या कोडमध्ये कायमची लिहून ठेवली होती. फिल्टर लावला तरी पट्टी ढिम्म.

आता मराठीबद्दल. हे जरा विस्ताराने सांगते, कारण मराठी दुकान काढणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स दोन्हींची मराठी भाषांतरं स्वयंसेवकांनी केलेली आहेत, त्यांचे आभार. पण थीम मराठीत आणायची तर थीम लिहिणाऱ्याने प्रत्येक शब्द भाषांतराला मोकळा ठेवलेला असावा लागतो. आमच्या थीममध्ये निम्मे शब्द मोकळे आणि निम्मे कोडमध्ये ठोकलेले. एकाच पानावर वर ‘कार्टमध्ये घाला’ आणि खाली इंग्रजी सूचना.

आणि ते बटण! थीममध्ये बटणांच्या अक्षरांत जास्तीचं अंतर दिलेलं होतं. इंग्रजी मोठ्या लिपीत ते छान दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते. ‘कार्टमध्ये घाला’ची सगळी अक्षरं सुटी होऊन त्यांच्या डोक्यावरच्या रेघेचे तुकडे पडले होते. ओळींमधलं अंतर इतकं कमी की ‘फणसपोळी’ची वेलांटी आणि ‘काजूगर’चा उकार चौकटीच्या कडेला कापले जायचे. थीमचा फॉन्ट फक्त रोमन अक्षरांचा, त्यामुळे मराठी मजकूर प्रत्येक फोनवर त्या त्या फोनच्या फॉन्टात दिसे, कुठे जाड, कुठे बारीक. हे सगळं सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, सुधारता येतं: अक्षरांतलं अंतर शून्य, ओळीची उंची दीडपट किंवा जास्त, आणि मुक्ता फॉन्ट. मुंबईच्या एक टाइप या गटाचा हा फॉन्ट मोफत आहे आणि त्यात देवनागरी आणि रोमन एका वजनाची दिसतात. काम अवघड नाही. पण थीमने हे अंतर वेगवेगळ्या फायलींत शंभर ठिकाणी लिहिलं असेल तर शोधत बसावं लागतं.

याच ओघात पानाच्या पत्त्याचं, म्हणजे लिंकचं, सांगते. प्रॉडक्टचं नाव मराठीत लिहिलं की वर्डप्रेस त्याच्या पानाचा पत्ताही मराठीत करतं. दिसतो छान, पण व्हॉट्सअॅपवर पाठवला की बहुतेक वेळा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, कारण देवनागरीच्या एकेका अक्षराची नऊ चिन्हं होतात. शिवाय पत्त्याला 200 चिन्हांची मर्यादा असल्यामुळे लांब नाव मधेच कापलं जातं. पानाचा पत्ता हाताने रोमन अक्षरांत छोटा लिहावा, नाव मराठीतच ठेवावं.

मार्चमध्ये, ऐन सुरुवातीला, वूकॉमर्सची नवी आवृत्ती आली आणि पर्याय निवडल्यावर कार्टचं बटण चालेनासं झालं. कारण समजून घेण्यासारखं आहे. वूकॉमर्सच्या पानांचे साचे म्हणजे टेम्प्लेट फायली प्लगिनमध्ये असतात. थीमला त्या बदलायच्या असतील तर ती त्यांची प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि मग वूकॉमर्स ती प्रत वापरतं. प्रत्येक फायलीच्या डोक्यावर आवृत्तीचा आकडा असतो. मूळ फाइल पुढे गेली आणि थीमची प्रत जुनी राहिली की दोघांचं जमेनासं होतं. वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर खाली कुठल्या प्रती जुन्या झाल्या त्याची यादी येते. आमच्या थीमची यादी पडदाभर होती. विकणाऱ्याला लिहिलं, उत्तर आलं नाही.

तेव्हा वूकॉमर्सवाल्यांचीच मोफत आणि साधी स्टोअरफ्रंट थीम बसवली आणि तिच्यावर आमची चाइल्ड थीम केली. चाइल्ड थीम म्हणजे आपले बदल वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात आणि मूळ थीम कितीही वेळा अपडेट केली तरी पुसले जात नाहीत. मूळ थीमच्या फायलींना हात लावून केलेला प्रत्येक बदल पुढच्या अपडेटला जातो, हे नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधीच लक्षात ठेवावं. स्टोअरफ्रंट टेम्प्लेटच्या प्रती न ठेवता बहुतेक काम हुक्सवर (कोड जोडायला वूकॉमर्सने ठेवलेल्या जागांवर) करते, म्हणून स्टेटस पान आता स्वच्छ असतं. पण जुन्या थीमबरोबर आलेल्या पेज बिल्डरने (पानं मांडायच्या प्लगिनने) प्रत्येक पानात चौकटी कंसांतले शॉर्टकोड, म्हणजे छोट्या आज्ञा, भरून ठेवले होते. बिल्डर काढताच ते उघडे पडले आणि आमच्याबद्दलचं पान, माहितीपानं, सगळी पुन्हा लिहावी लागली. ती भर हंगामातली मेहनत अजून आठवते.

पोचवण्याच्या बाबतीत मात्र वूकॉमर्स मनापासून आवडलं. शिपिंग झोनमध्ये (माल पोचवायच्या विभागात) पिनकोडचे पहिले आकडे आणि पुढे तारा (*) लिहिला की काम होतं: 400 आणि तारा म्हणजे मुंबई, 411 आणि तारा म्हणजे पुणे. झोन वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो, म्हणून महाराष्ट्राचा झोन मुंबईच्या वर ठेवलात तर मुंबईकरालाही महाराष्ट्राचा दर दिसेल. टेम्पोचे वार ठरलेले असतात, त्यांची सोय यात नाही. पोचवण्याची तारीख निवडण्याचं प्लगिन वेगळं घ्यावं लागतं.

गिऱ्हाइकाच्या पत्त्याच्या रकान्यांत वाडी आणि तालुका नाहीत. मुंबईच्या गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, पण गणपतीच्या आधी चाकरमानी गावच्या घरी सामान मागवतात आणि तिथे वाडी नसेल तर पार्सल तालुक्याच्या गावातच पडून राहतं. हे रकाने वाढवायला चेकआउटच्या, म्हणजे पत्ता आणि पैसे भरायच्या पानाच्या, फील्ड्सचा जुना फिल्टर सर्वत्र सांगितला जातो. 2023 च्या अखेरीपासून नव्या दुकानांना ब्लॉकवर (वर्डप्रेसच्या नव्या पद्धतीच्या तुकड्यांवर) चालणारं चेकआउट मिळतं, त्यात तो चालत नाही. आम्ही चेकआउटच्या पानावर जुना शॉर्टकोड परत लावला. ब्लॉकमध्येही रकाने वाढवायची नवी पद्धत आहे, ती थोडा कोड येणाऱ्याला जमेल.

कायद्याच्या बाबी थीमवर सोडू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारणासाठी माणसाचं नाव आणि संपर्क दुकानावर असायला हवा. पाकीटबंद मालाला निव्वळ वजन, किंमत आणि उत्पादकाचा पत्ता पानावर हवा. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांकही तिथेच टाकला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. आम्ही हे प्रत्येक प्रॉडक्टच्या अॅट्रिब्यूटमध्ये (गुणधर्मांच्या रकान्यांत) भरलं, ते आपोआप अधिक माहितीच्या टॅबमध्ये दिसतं. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, सरबताला आहे, त्यामुळे टॅक्स क्लास प्रॉडक्टवार तपासा. यूपीआय विनासायास चाललं.

थीमला पैसे देण्याआधी डेमोतली चित्रं बघत बसू नका. तिच्या फोल्डरमधलं वूकॉमर्स नावाचं उपफोल्डर विकणाऱ्याकडून बघायला मागा आणि आत किती टेम्प्लेटच्या प्रती आहेत ते मोजा. जितक्या जास्त, तितकी पुढची डोकेदुखी. डेमोच्या एखाद्या बटणावर ब्राउझरमधूनच ‘कार्टमध्ये घाला’ लिहून शिरोरेषा शाबूत राहते का ते पाहा. शेवटची अपडेट कधीची आहे तेही बघा.

साठ्याचा डझनांचा हिशेब आणि हंगामाच्या नोंदणीची पाटी हे दोन भाग आम्ही आता थीममधून काढून एका छोट्या प्लगिनमध्ये टाकतो आहोत, म्हणजे थीम कुठलीही असली तरी ते चालतील. मोहोर यायच्या आत ते पूर्ण करायचं आहे. पेटीवर माल विकणाऱ्या कुणाला ते हवं असेल तर जरूर सांगा, फाइल तशीच देईन.