फवारणीचा सुरक्षा किट: हातमोजे चांगले, मास्क कुचकामी

कीटकनाशक औषध फवारताना घालायच्या, कृषी केंद्रात मिळालेल्या या किटमधले नायट्रिलचे हातमोजे मजबूत आहेत, कोपरापर्यंत येतात. मास्क मात्र साधा कापडी. तो धूळ अडवेल, औषधाची वाफ नाही; त्यासाठी सेंद्रिय रसायनांची वाफ शोषणारं कार्ट्रिज (गाळणीची डबी) असलेलाच मास्क हवा. चष्म्यावर वाफ धरते, मग मजूर तो काढून ठेवतो. ॲप्रन फक्त पुढून. पाठीवरच्या पंपाच्या झाकणाचं वॉशर झिजलं की औषध पाठीवर गळतं आणि कातडीतून अंगात भिनतं. पऱ्हाटी (कपाशीचं झाड) छातीच्या वर गेली की फवारा सरळ तोंडावर येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तरी असे किट विकावेत? औषधाच्या डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण, म्हणजे जास्त विषारी असल्याची खूण, असेल तर या किटवर वावरात उतरू नका.